वैद्य, रुग्ण व कुटुंब यांचे परस्परसंबंध

वैद्य, रुग्ण व कुटुंब यांचे परस्परसंबंध : आजारी व्यक्ती, तिच्यावर उपचार करणारा वैद्य आणि तिची देखभाल करणारे आप्त यांच्यामध्ये आजाराच्या निमित्ताने निर्माण होणारे नैतिक, कायदेशीर व व्यावहारिक संबंध. ‘वैद्य’ ही संज्ञा येथे सर्व चिकित्सापद्धतींच्या नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी व्यापक अर्थाने योजिली आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत हा संबंध सामान्यतः वैद्य व रुग्ण या दोघांपुरता मर्यादित मानला जातो. भारतात मात्र रुग्णाला दवाखान्यात आणणे, औषधे विकत आणणे, उशाशी बसून शुश्रूषा करणे आणि खर्चाची तजवीज करणे ही कामे बहुधा कुटुंबच करीत असल्यामुळे तो तिपेडी झाला आहे. रोगाचे निदान प्रथम कोणास सांगावे आणि उपचाराचा निर्णय अखेरीस कोणी घ्यावा, हे दोन प्रश्न या संबंधाच्या केंद्रस्थानी आहेत. परंपरेने त्यांचे उत्तर बहुतांशी ‘कुटुंबाने’ असे दिले. विसाव्या शतकातील नीतिविचाराने व कायद्याने ते ‘रुग्णाने’ असे दिले. या दोन उत्तरांमधील अंतर भारतीय रुग्णालयांत आजही प्रत्ययास येते.

स्वरूप : हा संबंध मुळात विषम असतो. रुग्ण वेदनेने व भीतीने ग्रासलेला असतो आणि आपल्या शरीरात काय बिघडले आहे हे ठरविण्याचे ज्ञान त्याच्यापाशी नसते. जे तो इतरांपासून लपवितो ते त्याला वैद्यास सांगावे व दाखवावे लागते. म्हणून सामान्य खरेदी-विक्रीच्या व्यवहारापेक्षा येथे विश्वासाला अधिक स्थान आहे. एखाद्या वैद्याच्या ‘हाताला गुण आहे’ असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा त्याच्या ज्ञानाबरोबरच हा विश्वासही सूचित होतो. या विश्वासाच्या मोबदल्यात रुग्णाचे हित सर्वांत पुढे ठेवणे, त्याची गुपिते राखणे आणि त्याला समजेल अशा भाषेत वस्तुस्थिती सांगणे ही वैद्याची कर्तव्ये मानली जातात. आपली लक्षणे व पूर्वीचे आजार न लपविणे आणि ठरलेले पथ्यपाणी सांभाळणे ही रुग्णाची कर्तव्ये होत.

प्राचीन भारतीय विचार : चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक व रोगी. प्रत्येकाचे चार याप्रमाणे एकूण सोळा गुण तेथे दिले आहेत. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा विपुल अनुभव, दक्षता व शुचिता हे वैद्याचे गुण होत. परिचारकाच्या गुणांत उपचारांची जाण व दक्षता यांबरोबर रोग्याविषयीची आपुलकी गणली आहे. स्मरणशक्ती, वैद्याच्या सूचनांचे पालन, निर्भयता आणि आपल्या व्याधीचे नीट वर्णन करण्याची क्षमता हे रोग्याचे गुण मानले आहेत. रोगी हा केवळ उपचाराचा विषय नसून चिकित्सेतील एक कार्यकारी घटक आहे, ही कल्पना यातून स्पष्ट होते.

त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात वैद्यकाच्या विद्यार्थ्यास द्यावयाचा उपदेश आला आहे. रोग्याच्या घरातील वृत्त बाहेर सांगू नये आणि स्त्रीने दिलेली वस्तू तिच्या पतीच्या वा पालकाच्या अनुज्ञेवाचून घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे कळले, तरी ते सांगण्याने त्याला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होणार असेल, तेथे ते बोलू नये, असाही दंडक आहे. संमतीविषयीचे विवेचन विशेष उद्‍बोधक आहे. इतर उपाय थकलेल्या उदररोगात विषाचा प्रयोग करण्यापूर्वी वैद्याने रोग्याचे ज्ञाती, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा व गुरुजन यांना परिणामाची अनिश्चितता सांगून त्यांची अनुज्ञा घ्यावी, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. सुश्रुतसंहितेतही मूतखड्यावरील व मूढगर्भावरील शस्त्रकर्मापूर्वी अधिपतीची अनुमती घेण्यास सांगितले आहे. धोका आधी सांगावा व मगच कर्म करावे, हे तत्त्व येथे आढळते. परंतु अनुमती देणारा म्हणून रोग्याचा स्वतंत्र उल्लेख या स्थळी नाही. तो कुटुंबाचा व समाजाचा घटक आहे, हेच गृहीत धरलेले दिसते.

पाश्चात्त्य परंपरा : हिपॉक्राटीझच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेत रुग्णाचे हित व गोपनीयता यांवर भर आहे, रुग्णाच्या संमतीचा उल्लेख नाही. मँचेस्टर येथील वैद्य टॉमस पर्सिव्हल यांनी १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय नीतिविषयक ग्रंथात वैद्याने रुग्णापाशी निराशाजनक भाकिते करू नयेत, मात्र धोक्याची सूचना त्याच्या आप्तमित्रांना वेळेवर द्यावी, असा सल्ला दिला आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या नीतिसंहितेने तो बहुतांशी स्वीकारला. यावरून अशुभ वार्ता रुग्णास न सांगता कुटुंबास सांगण्याची रीत केवळ भारतीय वा पौर्वात्य आहे, हा समज बरोबर नाही.

बदलास विसाव्या शतकात वेग आला. प्रौढ व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला आपल्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१४ साली मांडले. नाझी छळछावण्यांतील अमानुष प्रयोगांवरील खटल्यानंतर १९४७ साली तयार झालेल्या न्यूरेंबर्ग संहितेने मानवावरील प्रयोगासाठी त्या व्यक्तीची स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरविली. अमेरिकेतील एका रुग्णालयातील वैद्यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के वैद्यांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णास न सांगण्याकडे होता. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच पाहणीत ९७ टक्के वैद्यांनी ते सांगणे पसंत केले. वीस वर्षांहूनही कमी काळात झालेल्या या पालटामागे कर्करोगावरील सुधारलेले उपचार, न्यायालयांचे निर्णय आणि नागरी हक्कांविषयीची जागृती ही कारणे सांगता येतात.

सामाजिक शास्त्रांतील विवेचन : अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी १९५१ साली ‘रुग्णभूमिका’ ही संकल्पना मांडली. तीनुसार आजारी व्यक्तीला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते. परंतु बरे होण्याची इच्छा धरणे व त्यासाठी जाणकाराचे साहाय्य घेणे तिला बंधनकारक ठरते. टॉमस सास व मार्क हॉलेंडर यांनी १९५६ साली वैद्य-रुग्ण संबंधाचे तीन नमुने वर्णिले. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत वैद्य कर्ता व रुग्ण निष्क्रिय असतो; तीव्र संसर्गात वैद्य मार्ग दाखवितो व रुग्ण सहकार्य करतो; मधुमेहासारख्या दीर्घकालीन व्याधीत दोघांचा समान सहभाग लागतो. म्हणजेच एकच नाते आजाराच्या अवस्थेनुसार रूप बदलते. हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात वैद्याचे व्यक्तिमत्त्व व त्याची ऐकण्याची पद्धत ही स्वतःच औषधासारखी कार्य करते, असे प्रतिपादन केले. या विचारवंतांच्या मांडणीत कुटुंबाला गौण स्थान आहे. भारतीय परिस्थितीला ती लागू करताना ही उणीव लक्षात घ्यावी लागते.

कुटुंबाचे स्थान : भारतातील बहुसंख्य सार्वजनिक रुग्णालयांत रुग्णाजवळ एक नातेवाईक थांबणे गृहीत धरलेले असते. रुग्णाला भरविणे, कूस बदलणे, तपासणीसाठी नेणे, रक्ताची व औषधांची व्यवस्था करणे ही कामे त्याच्याकडे येतात. आर्थिक भारही मोठा असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३–१४ मध्ये ६४·२ टक्के होते. २०२१–२२ मध्ये ते ३९·४ टक्क्यांवर आले. ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती निर्णय, ही स्थिती यातून सहज उद्‍भवते. उपचारांसाठी शेत विकावे की नाही, हा प्रश्न रुग्णाचा जसा असतो तसाच मागे राहणाऱ्यांचाही असतो, हे नाकारता येत नाही. परंतु या व्यवस्थेत ज्याचे घरात वजन कमी त्याचा आवाजही क्षीण होतो. स्त्रिया, वृद्ध, अपंग व मनोरुग्ण यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे.

स्त्रीरुग्णांचा प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच पुढे आला. पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्याच्या संकोचामुळे स्त्रिया उपचारांपासून वंचित राहतात, ही जाणीव आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांच्या वैद्यकीय शिक्षणामागे होती. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी संपादन केली. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले व तेथे स्त्री वैद्य नेमण्यात आल्या. घरातील पुरुषाच्या मध्यस्थीवाचून वैद्याशी बोलण्याची संधी स्त्रियांना त्यामुळे मिळू लागली.

सत्यकथन व मौन : कर्करोगासारख्या गंभीर रोगाचे निदान झाल्यावर ‘त्यांना सांगू नका, ते खचतील’ अशी विनंती नातेवाईक वैद्याला करतात, हा भारतातील नित्याचा अनुभव आहे. तिच्यामागे सामान्यतः माया व भीती असते, कपट नसते. तथापि तिचे परिणाम विचारात घ्यावे लागतात. केस गळणे, वारंवार रुग्णालयात जावे लागणे, घरातील कुजबुज यांवरून रुग्णाला बरेचसे उमजते. मात्र इतर जण लपवीत आहेत हे दिसल्यामुळे तो विचारीत नाही. दोन्ही बाजू परस्परांना जपण्यासाठी गप्प राहतात आणि रुग्ण आपल्याच माणसांत एकाकी पडतो. इच्छापत्र करणे, देणीघेणी मिटविणे, कोणाला तरी भेटणे किंवा क्लेशकारक उपचार नाकारणे यांसाठीचा वेळही त्यात निघून जातो. याउलट सर्व काही जाणून घेण्याची सक्ती करणेही योग्य नाही; न जाणण्याची इच्छा हीसुद्धा रुग्णाचीच असू शकते. म्हणून किती सांगावे हे कुटुंबाला विचारण्यापूर्वी रुग्णाला विचारावे, असे आता मानले जाते. अशुभ वार्ता सांगण्याची सहा टप्प्यांची एक पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली. एकांत जागा निवडणे, रुग्णाला काय ठाऊक आहे व किती जाणून घ्यावयाचे आहे हे विचारणे, सोप्या शब्दांत माहिती देणे, त्याच्या भावनांना प्रतिसाद देणे व पुढील योजना ठरविणे असा तिचा क्रम आहे. १९८६ साली मुंबईत सुरू झालेल्या शांती आवेदना सदन या संस्थेने बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांच्या शुश्रूषेचा भारतात पाया घातला. अशा परिहारक सेवेत रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचीही काळजी घेतली जाते.

कायदेशीर स्थिती : भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या व्यावसायिक वर्तनविषयक विनियमांत ही संक्रमणावस्था प्रतिबिंबित झाली आहे. आजाराचे गांभीर्य वाढवून अथवा कमी करून सांगू नये, असे त्यांत म्हटले आहे. मात्र ती माहिती ‘रुग्ण, त्याचे नातेवाईक अथवा जबाबदार मित्र’ यांना असावी, अशी तरतूद असल्याने कोणास सांगावे हे वैद्याच्या विवेकावर राहते. शस्त्रक्रियेच्या संमतीबाबतच्या नियमातही पती अथवा पत्नी, अज्ञान व्यक्तीचे पालक आणि स्वतः रुग्ण यांचा एकत्र उल्लेख आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निवाड्याने ही संदिग्धता बऱ्याच अंशी दूर केली. एका ४४ वर्षीय अविवाहित स्त्रीने दुर्बिणीद्वारे करावयाच्या तपासणीस संमती दिली होती. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. रुग्ण प्रौढ व सक्षम होती, तिचे बेशुद्धपण तात्पुरते होते आणि जिवावर बेतण्यासारखी निकड नव्हती. म्हणून आईची संमती ही कायदेशीर संमती नव्हे, असा निर्णय न्यायालयाने दिला. निदानासाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले.

इतर काही कायद्यांतही हेच सूत्र दिसते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमानुसार प्रौढ व मानसिक दृष्ट्या सक्षम स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची संमती आवश्यक नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियमाने जवळच्या नातेवाइकाला अवयव देण्याची मुभा ठेवली. परंतु ते दान दात्याच्या स्वेच्छेचे असले पाहिजे. घरातील दडपण ओळखणे हे येथे वैद्याचे कठीण काम ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रौढ व्यक्तीला आपल्या भावी उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा अधिकार दिला. हा प्रतिनिधी नातेवाईकच असावा असे बंधन नाही. आप्त जवळ नसतील तरी अपघातग्रस्तावर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक वैद्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ठरविले.

आप्त कोण व त्यांचा शब्द केव्हा चालतो, हा प्रश्न मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी उपस्थित झाला. १९७३ साली झालेल्या अत्याचारानंतर मेंदूस झालेल्या इजेमुळे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे पोषण थांबवावे, अशी याचिका एका लेखिकेने केली होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळताना वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारे रुग्णालयाचे कर्मचारी हेच त्यांच्या वतीने बोलण्यास पात्र आहेत, असे मत नोंदविले. त्यांना ते पोषण चालू ठेवावयाचे होते. मे २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून जीवनांतिक इच्छापत्रास वैधता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. आता असे पत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून त्यावर नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेता येते. रुग्णाची इच्छा लिखित असली, म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दारात कुटुंबाला स्वतःच्या माथी दोष घेऊन निर्णय करावा लागत नाही, हा त्याचा एक लाभ आहे.

संघर्ष : १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू केला, सर्वांनाच विनामूल्य दिलेली सेवा त्यातून वगळली. २००५ साली वैद्यावर फौजदारी जबाबदारी येण्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असे ठरविण्यात आले. न्यायालयाबाहेरील संघर्षाने कित्येकदा हिंसेचे रूप घेतले. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्था यांवरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व मालमत्तेच्या हानीच्या दुप्पट भरपाई यांची तरतूद आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये अशा हल्ल्यांच्या निषेधार्थ राज्यातील निवासी वैद्य सामूहिक रजेवर गेले होते. अपुरे मनुष्यबळ, खर्चाची पूर्वकल्पना न मिळणे व प्रकृती ढासळत असताना कोणीही नीट न बोलणे ही अशा उद्रेकांमागील वारंवार आढळणारी कारणे होत. हल्ला बहुधा तरुण निवासी वैद्यावर होतो. ज्या उणिवांमुळे तो होतो त्या दूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले.

सद्यःस्थिती : २०१९ पासून भारतातील एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण अंतर्भूत करण्यात आले आहे. त्यामुळे रुग्णाशी व आप्तांशी कसे बोलावे, हे केवळ ज्येष्ठांचे पाहून शिकण्यावर सोपविलेले नाही. दुसरीकडे कुटुंबाचे स्वरूप बदलत आहे. वृद्ध आईवडील पुण्यात वा नागपुरात आणि मुले परदेशात, अशा घरांत उपचारांची चर्चा पुष्कळदा दूरध्वनीवर होते व समोर बसलेला रुग्णच तिच्यातून वगळला जातो. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यकविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी याची दखल घेतली. रुग्ण उपस्थित नसताना त्याच्या वतीने नातेवाइकाला वैद्याचा सल्ला घ्यावयाचा असल्यास रुग्णाचे अधिकृत पत्र किंवा नात्याचा पडताळलेला दस्तऐवज यांसारखा आधार लागतो. रुग्ण अज्ञान वा अक्षम असल्यास मात्र अशा पत्राची गरज नाही. कुटुंबाचे साहाय्य घ्यावयाचे, परंतु त्याचा अधिकार रुग्णाने दिलेला असावा, अशी या तरतुदीमागील भूमिका आहे. सत्यकथन व संमती यांबाबतही भारतीय वैद्यकीय व्यवहार सावकाश त्याच दिशेने सरकत आहे.